कुलूप उलटा जिना उतरतो

माझा धाकटा भाऊ जिना उलटा उतरतो. तोंड पायऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात कठड्यावर आणि एकेक पाय मागे चाचपत खाली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपी दार उघडं टाकून मशीनवर बसलेले असतात. ते रोज विचारतात, "काय कोच, वर चाललात की खाली?"

"तुम्ही ठरवा आणि मला कळवा," हा त्याचं ठरलेलं उत्तर देतो.

नवा पाहुणा असला की पोट धरून हसतो. मला हसू येत नाही. मी उभा जन्म रंगमंचावर काढला. लोकांना हसवायला मी धडपडलेय, लंगडलेय, एका नाटकात तर खुर्चीसकट उताणी पडायची. पण ते पडणं मी ठरवलेलं असायचं आणि पडदा पडला की मी सरळ चालत घरी जायची. माझ्या भावाचं हे चालणं दुसऱ्यांनी ठरवलं. ती माणसं कोण, मला ठाऊक आहे, आणि ती अजून आपापल्या खुर्च्यांवर सुखाने बसलेली आहेत. म्हणून हे लिहायला बसले आहे. रागात लिहिते आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

लोक त्याला कुलूप म्हणायचे. फुटबॉलमध्ये तो गोलसमोर बचावाला उभा राहायचा आणि समोरच्या संघाचा कितीही नावाजलेला खेळाडू चेंडू घेऊन सुसाट आला तरी याच्यापाशी येऊन अडकायचा. मग सगळ्या मैदानातून आरोळी उठायची, "लागलं, लागलं, कुलूप लागलं." मला नाटकात टाळ्या पडायच्या, नाही असं नाही, पण तशी आरोळी माझ्या वाट्याला कधी आली नाही. विंगेत उभी राहून मी एका कानाला रेडिओ लावलेल्या प्रॉम्प्टरला सामन्याचा निकाल विचारायची आणि तो बिचारा एका कानाने माझे संवाद आणि दुसऱ्या कानाने माझा भाऊ सांभाळायचा.

हा घरात महासंतापी. हरला की जेवायचा नाही आणि जिंकला की दुसऱ्याच्या ताटातलंही जेवायचा. आई म्हणायची, "याच्या नाकावर राग नाही, रागाच्या मागे थोडंसं नाक आहे."

तो ज्या क्लबकडून खेळायचा त्याच्या मैदानावर प्रेक्षकांच्या गॅलरीखाली एक खोली आहे. भिंतीला अर्ध्यापर्यंत पांढऱ्या फरशा, रेक्झिन फाटलेलं एक उंच टेबल, एक बेसिन, आणि त्याचा नळ कायम गळता. तिथे क्लबचे डॉक्टर बसायचे. माणूस मोठा हसतमुख, सुई टोचताना विनोद सांगणारा. खेळाडूंमध्ये एक शब्द होता, 'पाय झोपवणे'. सामन्याआधी ज्याचा घोटा, गुडघा, मांडी दुखत असेल तो म्हणायचा, "जरा पाय झोपवून येतो," आणि त्या खोलीत जाऊन यायचा. बाहेर पडताना टणाटण उड्या मारत यायचा. दुखतंय हे समोरच्या संघाला दाखवायचं नाही, प्रेक्षकांना दाखवायचं नाही आणि कोचला तर मुळीच नाही, हा तिथला रिवाज. जो दाखवेल तो पुढच्या सामन्याला बाकावर.

झोपलेल्या पायाला दुखत नाही. पण तो फाटायचा थांबत नाही, आणि फाटतोय हे ज्याचा पाय आहे त्याला कळत नाही. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना ठाऊक नव्हती असं मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

माझ्या भावाचा उजवा गुडघा एका पूर्ण हंगामात असा झोपत गेला. शेवटी करंडकाचा सामना आला. तो जिंकला. क्लबच्या जिन्यात आजही त्या दिवसाचा मोठा फोटो आहे. खेळाडूंनी कुलपाला खांद्यावर उचललंय, सगळ्यांची तोंडं उघडी, हात वर. येणारा जाणारा फोटोसमोर थांबतो आणि म्हणतो, काय तो जल्लोष. अहो, जल्लोष कसला. त्याला उभं राहता येत नव्हतं म्हणून उचलला होता.

पुढे ऑपरेशनं झाली, कुबड्या झाल्या, आणि क्लबने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, तबकडीवर क्लबचं चिन्ह असलेलं. त्याने ते घरी आणून संडासात लावलं.

"अहो, लोक काय म्हणतील?" भावजय म्हणाली.

"ज्याला वेळ बघायची असेल तो आत जाईल."

ते अजून तिथेच आहे. वेळ बरोबर दाखवतं, तेवढं मात्र कबूल करायला हवं.

तो कोच झाला तो रागापोटीच. दुसरं कुठलं कारण मला दिसत नाही. आधी बस डेपोच्या कामगारांचा संघ, मग एका इस्पितळातल्या वॉर्डबॉयांचा. मग त्याच क्लबने त्याला परत बोलावलं, राखीव खेळाडूंना शिकवायला. मी म्हटलं, "जाऊ नकोस. त्यांचं तोंड बघू नकोस."

"ताई," तो म्हणाला, "ती खोली अजून आहे. मी तिथे असायला हवं."

तिथे त्याने स्वतःची एक रीत पाडली. सामन्याच्या दिवशी सगळ्या खेळाडूंना गॅलरीच्या माथ्यावर पाठवायचा आणि सिमेंटच्या पायऱ्यांवरून एकेकाला खाली उतरायला लावायचा. कठड्याला हात लावायचा नाही. हा खाली खुर्ची टाकून बसायचा आणि चेहऱ्याकडे न बघता फक्त गुडघे बघायचा. सपाटीवर धावताना दुखरा गुडघा लपवता येतो. चढतानाही दात खाऊन निभावतं. उतरताना मात्र सगळं अंग त्या एका सांध्यावर येतं आणि तिथे नाटक चालत नाही. मी नाटकवाली सांगते आहे, चालत नाही. मी त्या पायऱ्यांवरून वाकलेली म्हातारी होऊन उतरून बघितलं, राणी होऊन उतरून बघितलं. त्याने दोन्ही वेळेला सांगितलं, "ताई, तुझी डावी टाच दुखतेय." दुखत होती.

खेळाडू या प्रकाराला फॅशन शो म्हणायचे. कुणी कमरेवर हात ठेवून उतरायचा, कुणी खाली आल्यावर गिरकी घ्यायचा. तो चिडायचा नाही. "कंबर हलव नाहीतर मान हलव, गुडघा दाखव," एवढंच म्हणायचा. जो पायरीवर अडखळला, ज्याने पाय तिरका टाकला, तो त्या दिवशी खेळायचा नाही. वाद नाही, अपील नाही. डॉक्टर तोपर्यंत म्हातारे झाले होते, पण त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. ते लांबून म्हणायचे, "कुलूपराव, हे शास्त्रात बसत नाही."

"माझा गुडघा बसला का तुमच्या शास्त्रात?"

डॉक्टर हसायचे. हसण्याची त्यांची सवय काही सुटली नाही.

मग एका हंगामात क्लबची अगदी दशा झाली. संघ तळाला गेला, मोठे कोच मध्येच सोडून पळाले आणि बुडत्या बोटीवर चढायला कुणी तयार होईना. तेव्हा क्लबचे चिटणीस आमच्या घरी आले. उंच, सडपातळ गृहस्थ, आवाज कधी चढत नाही. असल्या माणसांची मला नाटकातही भीती वाटायची. ते म्हणाले, "आता आम्हाला तुमच्या रागाची गरज आहे."

भावजय आतून म्हणाली, "घेऊन जा सगळा. घरात जागा नाही."

तो मुख्य कोच झाला. आयुष्यभर ज्या खुर्चीकडे तो बघत होता ती अखेर मिळाली. त्याने संघाला फरफटत, ओरडत, खेचत वर आणलं. शेवटचा सामना उरला. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहणार आणि याची खुर्चीही. हरले तर दोन्ही गेलं.

संघाचा कप्तान याच्याच जागेवर खेळायचा, गोलसमोर बचावाला. राखीव खेळाडूंमधून यानेच वर काढलेला. अत्यंत गंभीर गडी. फॅशन शोमध्ये बाकीचे कंबर हलवायचे तेव्हा हा अंत्ययात्रेला आल्यासारखा उतरायचा. त्या सामन्याला एका बड्या क्लबची माणसं खास त्याला बघायला येणार होती. त्याच्या घरी सगळ्यांना ठाऊक, क्लबात ठाऊक, आमच्या शिंप्यालाही ठाऊक.

सामन्यांना मी भावाबरोबर जायची. त्याची काठी धरायला. खेळाडूंसमोर तो काठी घ्यायचा नाही, आणि माझ्या हातात असली की ती म्हातारीची काठी वाटायची. त्या दिवशी मी त्याच्या खुर्चीशेजारी काठी घेऊन उभी होते. एकेक जण उतरत होता. सगळ्यात शेवटी कप्तान. वर उभा राहिला, खाली बघितलं, आणि अचानक हात पसरून लोखंडी कठड्यावर बसला आणि सर्रकन घसरत खाली आला. शेवटी उडी मारून डाव्या पायावर उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला.

सगळे खेळाडू खदाखदा हसले. मीसुद्धा टाळी वाजवली, इतकी झकास एंट्री होती. मग मी भावाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वर जा," तो म्हणाला. "पायांनी उतर."

"सर, गंमत केली."

"तू कधी गंमत केली आहेस? वर जा."

कप्तान वर गेला. चढला व्यवस्थित. वळला, पहिली पायरी उतरला, दुसरी उतरला, तिसरीवर त्याचा हात आपोआप कठड्याकडे गेला. त्याने तो मागे घेतला, पण पाहायचं ते पाहून झालं होतं. कुणी हसलं नाही. माझ्या भावाने डोळे मिटले आणि मला म्हणाला, "ताई, उजवा. नेमका उजवाच."

पुढचं सगळं त्या खोलीत झालं. मी दारातल्या बाकावर बसले, दार लावायचं कुणाला सुचलं नाही. कप्तान टेबलावर, डॉक्टर त्याचा गुडघा दाबत, चिटणीस बेसिनपाशी. नळ गळत होता.

"थोडी सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "पाय झोपवू. खेळून होईल. मी जबाबदारी घेतो."

"कुठे घेता?" भाऊ म्हणाला. "खिशात घेता की पिशवीत? माझी घेतली होती ती कुठे ठेवली आहे? मला दाखवा, मला बघायचीय."

चिटणीस शांतपणे म्हणाले, "एक सामना आहे. क्लब राहतो की जातो, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही मनाला लावून घेताय."

"गुडघ्याला लावून घेतोय."

"सर," कप्तान म्हणाला, "पाय माझा आहे."

"पाय तुझा आहे. संघ माझा आहे."

"आजचा दिवस गेला तर मला परत कोण बघायला येणार आहे? तुम्ही खेळलात ना करंडकाचा सामना? झोपवलेल्या पायाने खेळलात. तुमचा फोटो लावलाय जिन्यात. मग मलाच का नाही?"

हे ऐकल्यावर भावाने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्याने कप्तानाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत जिन्यातल्या फोटोपाशी आणलं. दोन लंगडी माणसं एकमेकांना ओढत होती आणि मागून डॉक्टर आणि चिटणीस.

"बघ," तो म्हणाला. "माझा उजवा पाय कुणी धरलाय?"

कप्तानाने बघितलं. मीही बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट. खांद्यांच्या आणि हातांच्या त्या गर्दीत खाली एका कोपऱ्यात डॉक्टर आहेत. तरुण, हसत नसलेले. दोन्ही हातांनी त्यांनी माझ्या भावाचा पाय गुडघ्याखालून सरळ धरून ठेवलाय, फुटकं भांडं धरावं तसा.

"डॉक्टर, तुम्ही हसत नाही आहात यात," भाऊ म्हणाला. "का हो?"

डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले.

चिटणीस म्हणाले, "याचे परिणाम काय होतील, कळतंय ना तुम्हाला?"

"मी उलटा उतरतो तेव्हा मला रोज कळतं."

कप्तानाने मनगट सोडवून घेतलं. "तुम्ही माझा सूड घेताय, सर," तो म्हणाला. "तुमचं वाटोळं झालं म्हणून माझं करताय." आणि निघून गेला.

तो खेळला नाही. त्याच्या जागी उतरवलेला खेळाडू प्रामाणिक होता, जिवाचं रान करत होता, पण शेवटी शेवटी नेमक्या त्याच जागेवर तो घसरला आणि गोल झाला. बस, संपलं. ज्या गॅलरीतून कधी कुलूप लागल्याची आरोळी उठायची त्याच गॅलरीतून ओरडा सुरू झाला, "कुलूप गंजलं, फेकून द्या." पाण्याच्या बाटल्या आल्या. एक माझ्या खांद्याला लागली. मला रंगमंचावर कधी कुणी काही फेकून मारलं नव्हतं, तेही राहिलं नाही. मी काठी उगारून त्या माणसाकडे बघितलं, तर तो म्हणाला, "आजी, तुम्ही नाही, कोच."

चिटणीसांनी मैदानातून बाहेर नेणाऱ्या बोगद्यातच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. आवाज तेव्हाही चढला नाही.

आणि आता मी ज्याच्यासाठी चिडले आहे ते ऐका. त्या बोटीतून तो एकटाच पाण्यात गेला. चिटणीस चिटणीसच राहिले. डॉक्टर अजून त्याच खोलीत बसतात, फक्त रेक्झिन नवीन घातलंय म्हणे. क्लबात सगळे म्हणतात, कप्तानाला काही विशेष झालंच नव्हतं, बघा, थोडी विश्रांती घेतली आणि बरा झाला, म्हाताऱ्याने उगाच घाबरून सामना घालवला. याला उत्तर काय द्यायचं? मोडलेल्या पायाचा जिन्यात फोटो लावता येतो. वाचलेल्या पायाचं काय दाखवणार? तो नुसता चालतो.

भाऊ घरात बसला. भांडणसुद्धा बंद झालं, तेव्हा मला खरी धास्ती वाटली. भावजय मुद्दाम त्याच्या चहात साखर विसरायची, हा निमूट प्यायचा. शिंप्याने प्रश्न विचारला तरी ठरलेलं उत्तर येईना. शिंपी वर येऊन मला विचारून गेले, "माझं काही चुकलं का?"

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला, एका सकाळी जिन्यात पावलं वाजली. कुणीतरी धडाधडा वर येत होतं. दोन-दोन पायऱ्या एकदम. भावाने हातातलं वर्तमानपत्र खाली केलं आणि कान टवकारले. दारावर थाप पडली. मी उघडलं. कप्तान.

त्याने बसायचं नाव घेतलं नाही. बड्या क्लबने दुसराच खेळाडू घेतला होता आणि ते त्याला आदल्या दिवशी कळलं होतं. तो उभ्या उभ्या बोलत सुटला. तुम्ही माझं आयुष्य नासवलंत. मी आता खालच्या गटात चिखलात खेळणार. आई मला विचारते, काय चुकलं, आणि मी काय सांगू? तुमचा तो फॅशन शो. तुमचा तो फोटो.

भावजयीने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने घेतला, संपवला, "थँक्यू काकू" म्हणाला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

माझा भाऊ खुर्चीत बसून ऐकत होता. मान खाली. मला वाटलं, तो शरमला आहे. मग माझ्या लक्षात आलं, तो त्याच्या गुडघ्याकडे बघतोय.

"झालं?" शेवटी त्याने विचारलं.

"झालं."

"मग जा."

कप्तान दार आपटून गेला. भाऊ तत्काळ उठला, भिंतीला धरत दारापाशी गेला, दार किलकिलं केलं आणि माझ्याकडे बोट उगारून गप्प केलं. आम्ही तिघं ऐकत राहिलो. पावलं संतापाने उतरत होती, सरळ, भराभर, पाय आपटत. शिंप्याची मशीनही थांबली होती. तिसरा मजला, दुसरा. वळणावर पावलं किंचित अडली आणि कठड्याच्या सळईचा बारीक आवाज आला.

"वळणावर हात लावला," भाऊ पुटपुटला. मग त्याने दार सताड उघडलं आणि माझ्या कुठल्याही नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता अशा आवाजात खाली ओरडला, "वळताना कठडा धरायचा नाही. रोज उतर. सावकाश उतर."

खालून एक शिवी आली. मी सगळ्या प्रकारच्या भूमिका केल्या आहेत, पण ती मला लिहिता येणार नाही.

भाऊ दारात उभा राहून पावलं रस्त्यावर पोचेपर्यंत ऐकत होता.

"ताई," तो म्हणाला, "दम लागलेला नाही त्याला."

मग त्याने काठी मागितली, ती काखेत मारली, पाठ फिरवली, आणि उलटा जिना उतरू लागला. दुसऱ्या मजल्यावरून शिंप्याचा आवाज आला, "काय कोच, वर की खाली?"

"गप शिव," तो म्हणाला.